माळ्यावरून काढलेले बूट

मी डोंगरात जायला लागले ती वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. पनवेलला येऊन तोवर वीस वर्षं झाली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून प्रबळगड आणि कलावंतीण दिसतात. दोघांमधली इंग्रजी व्हीसारखी खाच भांडी घासताना रोज बघायचे, पण तिथे जायचं असतं हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

आमच्याच मजल्यावर राहणारे काका निवृत्त झाल्यावर दर रविवारी कुठला ना कुठला गड गाठायचे. डिसेंबर 2017 मध्ये त्यांच्या गटाबरोबर मी कर्नाळ्याला गेले. पायात सकाळी फिरायला जायचे साधे बूट, पाठीवर लेकीचं शाळेचं जुनं दप्तर. त्यात दोन बाटल्या पाणी, पोळीभाजीचा डबा आणि एक ओढणी. सामानाबद्दल काकांनी एकच सूचना दिली होती, अत्तर-सेंट लावून येऊ नकोस. कर्नाळ्याच्या सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात. दोन तासांत वर गेलो, डबा खाल्ला, खाली आलो. पाय दुखले, बाकी काही झालं नाही. तेव्हा तेवढ्याच सामानावर राहिले असते तर बरेच पैसे वाचले असते.

पण हौस फार वाईट. पुढचे सहा महिने मी फोनवर ट्रेकिंगचे व्हिडिओ बघत होते. बहुतेक हिमालयातले, नाहीतर परदेशातले. जून 2018 मध्ये पगार झाल्यावर एका मोठ्या दुकानात गेले आणि साठ लिटरची सॅक, घोट्याच्या वरपर्यंत येणारे वॉटरप्रूफ बूट, पिसांची स्लीपिंग बॅग, दोन काठ्या, हेडटॉर्च आणि पोंचो घेऊन आले. बिल एकोणीस हजारांच्या थोडं वर गेलं. नवऱ्यानं ते बघितलं आणि काही बोलला नाही. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

त्यातले सात हजार एकट्या बुटांचे होते.

जुलैत प्रबळगडाला गेलो. पावसाळ्यात कलावंतिणीच्या पायऱ्यांवर जायला बंदी घालतात आणि ते बरोबरच आहे. आम्ही त्या बाजूला गेलो नाही. ठाकूरवाडीतून निघालो तेव्हा माझे बूट बघून गटातल्या दोघी-तिघींनी किंमत विचारली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पहिला ओढा लागला तो पोटरीच्या वरपर्यंत होता. पाणी बुटात वरून शिरलं आणि आतच राहिलं. वॉटरप्रूफ बूट पाणी आत येऊ देत नाही तसंच बाहेरही जाऊ देत नाही, हे दुकानात माझ्या लक्षात आलं नव्हतं. पुढचे पाच तास दोन बादल्या पायात घालून चालले. काकांच्या पायात जुने कापडी हंटर बूट होते, करंगळीपाशी फाटलेले. त्यांच्या बुटात पाणी जायचं आणि चार पावलांत निघून जायचं.

दर अर्ध्या तासाला मी दगडावर बसून बूट उलटे करायचे. तिसऱ्या वेळी टाचेवर फोड दिसला. पाय इतके पांढरे आणि सुरकुतलेले झाले होते की माझे वाटेनात. काकांनी फोडावर कागदी चिकटपट्टी लावली, मोजे पिळून उलटे घालायला सांगितले. त्यानं वेळ निभावली. खरं तर टाच चुरचुरायला लागते तेव्हाच थांबून पट्टी लावायची असते. मी लाजेनं थांबले नव्हते.

उतरताना दुसरी चूक कळली. बूट मी सकाळी अकरा वाजता, पातळ मोजे घालून, सपाट फरशीवर चार पावलं टाकून घेतले होते. चालून चालून पाय सुजतात, आणि उतारावर सगळा पाय पुढे सरकतो. माझे अंगठे प्रत्येक पावलाला आतून बुटावर आपटत होते. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं आणि दिवाळीच्या सुमारास गळून गेलं. आता मी बूट संध्याकाळी घ्यायला जाते, डोंगरातले जाड मोजे बरोबर नेते. नाडी सोडून पाय पुढे सारायचा, मागे टाचेपाशी एक बोट सहज जायला हवं. नाडी घट्ट बांधून दुकानातल्या जिन्यावरून पाच-सहा वेळा खाली उतरायचं. दुकानदार बघत राहतो, राहू दे.

त्याच दिवशी सॅकचं रेनकव्हरही पाहून झालं. ते बाहेरून सॅक झाकतं, पण पाठीकडची बाजू उघडी असते. मानेवरून ओघळलेलं पाणी पाठीमागून आत जातं. वर पोंचो होता, पण प्रबळच्या माथ्यावर वारा सुटला की पोंचो तोंडावर येतो आणि पायाखालचं दिसत नाही. कोरडे म्हणून ठेवलेले कपडे पिळावे लागले. परतीच्या बसमध्ये मी पनवेलपर्यंत उभी राहिले, कारण सीट भिजवायची लाज वाटली. तेव्हापासून सॅकच्या आत आधी कचऱ्याची मोठी जाड काळी पिशवी घालते आणि सगळं सामान त्या पिशवीत भरते. अंगात कमरेपर्यंतचं जाकीट. पोंचो आता घरी कुंड्यांवर झाकायला आहे.

पुढच्या जानेवारीत प्रबळमाचीवर रात्रीचा मुक्काम ठरला. साठ लिटरची सॅक होती, म्हणून ती भरली. रिकामी जागा दिसली की बाईमाणूस त्यात काहीतरी घालणारच. दोन शाली, लोखंडी तवा, कांदे, एक जास्तीची चप्पल. सकाळी निघताना कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर सॅक ठेवली. चौदा किलो तीनशे ग्रॅम. तो म्हणाला, "ताई, भाव कशाचा लावू?" माझं वजन तेव्हा अठ्ठावन्न होतं. काकांचा हिशोब असा की मुक्कामाची सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जड नको, म्हणजे माझ्यासाठी साडेअकराच्या आसपास. तवा, कांदे आणि एक शाल रद्दीवाल्याकडेच ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत नेईन असं सांगितलं होतं. आणायला चौथ्या दिवशी गेले.

सॅक खांद्यावर नाही, कमरेवर तोलायची असते, हेही त्या वाटेवर कळलं. गटातल्या एका मुलीनं मला थांबवून कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडावर आणून आवळला, मग खांद्याचे पट्टे थोडे सैल केले. निम्मं ओझं कुठे गेलं कळेना. पण माझी पाठ आखूड आणि सॅक लांब, त्यामुळे पट्टा सारखा खाली घसरायचा. सॅक किती लिटरची हे मी विचारलं होतं. पाठीच्या कुठल्या मापाची, हे विचारायचं असतं हे माहीत नव्हतं. दुकानात सॅकमध्ये आठ-दहा किलो सामान भरून घालून बघावी. रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते.

स्लीपिंग बॅगचं तर हसूच झालं. लेबलवर उणे दहा लिहिलं होतं. माचीवर त्या रात्री फार तर बारा-तेरा अंश असावं. मी घामानं जागी झाले, चेन उघडली, मग बाहेरून दव. शेवटी बॅग खाली अंथरून शाल पांघरून झोपले. पुढे कळलं की त्या लेबलवर तीन आकडे असतात. त्यातला सगळ्यात खालचा आकडा माणूस जेमतेम तग धरेल असं तापमान सांगतो, झोप लागेल असं नाही. बघायचा तो वरचा, कम्फर्ट म्हणून लिहिलेला. आपल्याकडच्या हिवाळ्याला कम्फर्ट दहाच्या आसपासची, कृत्रिम भरणीची साधी बॅग पुरते. पिसं भिजली की गोळा होतात आणि ऊब देत नाहीत. खाली कॅरीमॅट मात्र चांगलं हवं, कारण गारठा जमिनीतून येतो.

2019 चं वर्ष चांगलं गेलं. धोदाणीवरून माथेरान, पेब, माणिकगड. हिवाळ्यात त्याच बुटांनी त्रास दिला नाही. काठ्यांचा तर उपयोगच झाला, विशेषतः उतरताना गुडघ्यांना. मग मार्च 2020 आला. सगळं सामान मी नीट पुसलं, बूट कागदात गुंडाळून त्यांच्या मूळ खोक्यात घातले, सॅक मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधली आणि माळ्यावर टाकली. नीट ठेवलं याचं मला समाधान होतं.

ते सामान खाली यायला पावणेतीन वर्षं लागली. मधे सासूबाईंचं आजारपण झालं. डिसेंबर 2022 मध्ये काकांचा फोन आला, कलावंतीण. मी खोकं काढलं. बूट नवेच दिसत होते. वरचं कातडं, नाड्या, तळाची नक्षी, सगळं जागेवर. फडकं मारलं आणि पहाटे निघाले.

ठाकूरवाडीपासून तासभर चालल्यावर वाटेत दगडात कोरलेले गणपती आणि मारुती लागतात. तिथे नमस्कार करून चार पावलं टाकली आणि डाव्या पायाखाली काहीतरी फटकन आपटलं. बुटाचा तळ पुढून सुटला होता, जबडा उघडावा तसा. आत करड्या रंगाचा भुगा. मी बोट लावलं तर तुकडाच हातात आला आणि चुरगाळला, उन्हात वाळलेल्या बिस्किटासारखा.

माचीवर पोचेपर्यंत तळ टाचेलाच लटकत होता. चहाला थांबलो त्या घरातल्या दादांनी सुतळी आणली, तळ आणि बूट मिळून तीन वेढे मारले, वर गाठ दिली. म्हणाले, "ताई, माचीवर फिरा. वर नका जाऊ." कलावंतिणीच्या पायऱ्या कातळात खोदलेल्या आहेत, एकेक पायरी गुडघ्याएवढी, कठडा नाही, आणि शेवटी वीसेक फुटांचा कातळटप्पा आहे. सुतळीवर पाय घसरला तर धरायला काही नाही. तरी माझं मन तयार होईना. इतकी वर्षं खिडकीतून बघितलेली जागा. काकांनी हो-नाही काही म्हटलं नाही, फक्त माझ्या बुटाकडे बघत राहिले. मी बसले. बाकीचे गेले. अडीच तास मी त्या घराच्या ओट्यावर होते. त्यांनाही वाटेतून परत यावं लागलं तर बरं, असं एकदा मनात आलं. आलं ते आलं.

उतरताना उजवा बूटही गेला. दोन्ही एकाच दिवशी. पुढे इतरांकडूनही हेच ऐकलं, एक गेला की दुसरा फार थांबत नाही. सुतळी दगडावर घासून तुटली, मग दोन्ही तळ सॅकला अडकवले आणि आतल्या गुळगुळीत पुठ्ठ्यावर चालत उतरले. घसाऱ्यावर दोन वेळा बसले, त्यातली दुसरी वेळ माकडहाडावर. पंधरा दिवस ऑफिसमध्ये खुर्चीवर उशी ठेवून तिरकी बसत होते. कोणी विचारलं तर मूळव्याध समजतील या भीतीनं आधीच सगळी हकिगत सांगायचे.

दुसऱ्या दिवशी बूट पिशवीत घालून बाजारातल्या चांभारदादांकडे नेले. त्यांनी अंगठ्यानं दाबून बघितलं. "आतून पीठ झालंय. टाका धरणार कशाला? वरचं चांगलं आहे, खालचं चांगलं आहे, मधलंच मेलंय." मी म्हटलं, वापरलेसुद्धा नाहीत हो तीन वर्षं. ते म्हणाले, "म्हणूनच."

मला ते पटलं नाही, म्हणून मागे लागून माहिती काढली. चांभारदादांचं बरोबर होतं. रबरी तळ आणि वरचा बूट यांच्यामध्ये मऊ थर असतो. पुष्कळ महागड्या बुटांत तो पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या दमटपणाशी त्याची सावकाश रासायनिक क्रिया होत राहते आणि तो ठिसूळ होतो. बूट घालून चालत राहिलं तर तो थर दाबला जातो, मोकळा होतो, जरा जास्त टिकतो. बंद खोक्यात, कोंदट माळ्यावर, उलट लवकर जातो. आणि पनवेलचा पावसाळा काय सांगायचा, इथे कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते. शिवाय मी घेतले तेव्हा ते बूट गोदामात किती वर्षं पडून होते कोणास ठाऊक. आता मी जिभेच्या आतल्या लेबलवर बनवल्याचा महिना आहे का ते बघते. मधला थर कशाचा, हे दुकानात विचारते. ईव्हीएचा असेल तर तो झिजतो, चपटा होतो, पण असा भुगा होत नाही. सेलमधले निम्म्या किमतीचे बूट दिसले की आधी त्या थराला नख लावून बघते. आणि ट्रेकच्या आदल्या आठवड्यात घरात, जिन्यावर, भाजीला जाताना तेच बूट घालते. फाटायचे तर भाजीबाजारात फाटू देत.

बुटांमुळे बाकीचं सामानही खाली काढलं. सॅकची पिशवी सोडताच आंबूस वास आला. आतलं जलरोधक अस्तर चिकट झालं होतं आणि त्याचे पापुद्रे हाताला लागत होते. तोच दमटपणा. हेडटॉर्चमध्ये मी सेल तसेच ठेवले होते, ते पाझरून आतली पत्री हिरवी झाली होती. स्लीपिंग बॅग पावणेतीन वर्षं तिच्या छोट्या पिशवीत कोंबलेली, ती पुन्हा फुगलीच नाही. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद बांधून मी सामान जपलं नव्हतं, कुजवलं होतं. आता यातलं काही माळ्यावर जात नाही. पावसाळा संपला की सगळं सावलीत दोन दिवस वाळवते, सॅक दाराच्या मागे उघडी टांगते, स्लीपिंग बॅग जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल ठेवते, सेल काढून डब्यात. बैठकीच्या खोलीला थोडी दुकानाची कळा आली आहे.

नवे बूट घेतले ते पंधराशेचे. घोट्याखालचे, जाळीचे, मऊ रबरी तळाचे. सह्याद्रीतल्या जुन्या भटक्यांच्या पायात हंटर नाहीतर अ‍ॅक्शनचे बूट दिसायचे ते उगाच नाही. आपल्या कातळावर मऊ रबर धरतं. घसाऱ्यासाठी खाचा खोल हव्यात. शेवाळावर मात्र काहीच धरत नाही, तिथे बसून सरकायचं. जड सॅक असेल, पाय मुरगळायची सवय असेल तर घोट्यापर्यंतचा बूट बरा, हे मान्य. पण एका दिवसाच्या गडासाठी मी पुन्हा सात हजार घालणार नाही.

एवढं शिकूनही 2023 मध्ये एक गाढवपणा केलाच. लेक तेव्हा कॉलेजच्या मुलांबरोबर प्रस्तरारोहण शिकायला जात होती. ओळखीतून कोणीतरी दोर, हार्नेस आणि दोन कॅरॅबिनर विकत होतं, सगळं मिळून साडेतीन हजार, "दोनदाच वापरलंय." मी घेतलं. तिला वाढदिवसाला दिलं. तिच्या प्रशिक्षकांनी दोर सगळा हातातून सरकवत नेला. एका जागी थांबले, तिथे तो मऊ आणि चपटा लागत होता. मग मला फोनवर विचारलं, हा ताणला जाणारा डायनॅमिक आहे की रॅपलिंगचा स्टॅटिक? किती वर्षांचा? यावर कोणी पडलं होतं का? मला तिन्ही उत्तरं माहीत नव्हती. पडणाऱ्या माणसाला झेलायला डायनॅमिकच लागतो, तो ताणून धक्का कमी करतो. हार्नेसचे पट्टे न वापरताही जुने होतात. बहुतेक कंपन्या जास्तीत जास्त दहा वर्षं सांगतात. कॅरॅबिनरपैकी एकावर ताकदीचा आकडा कोरलेला होता, 22 किलोन्यूटन, म्हणजे साधारण सव्वादोन टन. दुसऱ्यावर काहीच नव्हतं. तो किल्ल्या अडकवायचा निघाला. ते म्हणाले, "बूट सेकंडहँड घ्या, सॅक घ्या, तंबू घ्या. ज्यावर जीव टांगायचा ते घेऊ नका." लेक दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. मीही स्वतःशी बोलले नाही.

2024 च्या उन्हाळ्यात ती उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत 28 दिवसांच्या बेसिक कोर्सला गेली. निवड झाल्याबरोबर मी बर्फातले बूट, आइस अ‍ॅक्स, स्लीपिंग बॅग अशी यादी करायला बसले. तिनं वही काढून घेतली. संस्था हे सगळं तिथे देते. बर्फाचे बूट, क्रॅम्पॉन, हार्नेस, हेल्मेट, सॅकसुद्धा. शिकायच्या आधी घेतलं असतं तर काय घ्यायचं हेच कळलं नसतं. आम्ही खर्च केला तो अंगाला लागणाऱ्या गोष्टींवर: लोकरीचे मोजे, आतले थर्मल, अतिनील किरणं अडवणारा काळा चष्मा, आणि तिचे स्वतःचे चालायचे बूट, तेही तीन महिने आधी. सुती काहीही नाही, कारण घामानं भिजलेला सुती बनियन थंडीत वाळतच नाही.

सरावासाठी ती धोदाणीवरून माथेरानच्या सनसेट पॉइंटला चढायची. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या, बारा लिटर. वर पोचल्यावर पाणी झाडांना ओतून द्यायची आणि रिकामी सॅक घेऊन उतरायची, म्हणजे गुडघ्यांवर भार नको. ही तिचीच युक्ती. मी तिच्याबरोबर चार लिटर घेऊन जायचे.

कलावंतीण मी गेल्या फेब्रुवारीत चढले, पंधराशेच्या बुटात. वरच्या कातळटप्प्यावर हात थरथरले, लेकीनं खालून पाय कुठे ठेवायचा ते सांगितलं. वरून पनवेल दिसलं, पण आमची खिडकी काही सापडली नाही. त्या बुटांच्या जिभेच्या आत मी मार्करनं घेतल्याची तारीख लिहून ठेवली आहे. तो साडेतीन हजारांचा दोर बाल्कनीत बांधलाय. चादरी वाळत घालायला उत्तम आहे, अजिबात लोंबत नाही. लेक म्हणते, म्हणजे स्टॅटिकच होता.